चुकलं की बाक वाजवायचा

४ मार्च, मंगळवार

"ठामपणे काही सांगता येत नाही." — हे वाक्य आज तिसऱ्यांदा! एकदा हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडून, एकदा सांध्यांच्या डॉक्टरांकडून, आणि घरी आल्यावर जावईबापूंकडून. त्यांनी ते तिथूनच उचललेलं. इतकी वर्षं शिकून शेवटी हेच सांगायचं असेल तर मी काय वाईट होतो? पांढरा कोट घालून मीही सांगितलं असतं.

प्रकरण मला चार वेळा समजावून झालंय. चारही वेळा मी मधेच खिडकीबाहेर गेलो. आज लेक चिडली — "बाबा, ऐकताय का?" म्हणून आता लिहूनच ठेवतो.

लेकीच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत. म्हणजे शरीराचे पहारेकरी. ते सगळ्यांच्याच रक्तात असतात, पण हिच्या पहारेकऱ्यांना घरचं कोण आणि चोर कोण ते कळत नाही. घरच्यांनाच बडवतात. म्हणून हिचे डोळे कोरडे, तोंड कोरडं, सकाळी बोटं आखडलेली. बिस्किटसुद्धा पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरत नाही. रडली तरी डोळ्यांत टिपूस नाही, नुसता चेहरा रडतो. बापाने ते बघायचं!

तिच्यापुरतं असतं तर निभलं असतं. पण हे पहारेकरी नाळेतून बाळाकडे जातात. बहुतेक बाळांना काही होत नाही. एखाद्याच्या मात्र हृदयात, ठोक्याचा हुकूम ज्या वाटेने खाली पोचतो, त्या वाटेवरच जाऊन बसतात. वाट पुरती बुजली की पुन्हा उघडत नाही.

पहिल्या वेळी तेच होऊ घातलं होतं. पोटातल्या नातीचे ठोके गळायला लागले. तेव्हा लेकीला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. साधं स्टिरॉइड नाळ अडवते, म्हणून हे जोरकस, थेट बाळापर्यंत पोचणारं. ठोके सावरले. पोर वाचली. वेळेआधी आली, एवढीशी, चिमटीत मावेल अशी. म्हणून चिमटी.

आता ती साडेचार वर्षांची आहे. उशिरा बोलायला लागली, अजूनही कमीच बोलते. बटणं लावता येत नाहीत. हे गोळ्यांमुळे, की प्रतिपिंडांमुळे, की लवकर जन्मल्यामुळे, की आजोबावर गेल्यामुळे? ठामपणे काही सांगता येत नाही!

आणि आता दुसरं. लेकीला चौथा महिना संपत आलाय. एकदा झालंय म्हणजे पुन्हा व्हायची भीती जास्त. होईलच असं नाही. हे वाक्य पुढे कसं जातं ते मला पाठ आहे.


६ मार्च, गुरुवार

विहीणबाई लेकीच्या मदतीला येऊन आठवडा झाला. मदत करतात, नाही कशाला म्हणू? स्वयंपाकघर पहिल्यांदाच लखलखतंय. पण तोंड!

आज चिमटीच्या हातून दुधाचा पेला पडला. "गोळ्यांचा परिणाम, दुसरं काय." परवा चपला उलट्या पायांत घातल्या — गोळ्या. शेजारीण आली तेव्हा बोलली नाही — गोळ्या. काल स्वतः विहीणबाईंच्या हातून अख्खं पातेलं पडलं, तेव्हा मात्र पातेल्याचा कान ढिला होता!

मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही कुठल्या घेतल्या होत्या?"

"कुठल्या काय?"

"गोळ्या."

लेकीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी उठून गॅलरीत गेलो.

तिथूनही ऐकू येत होतं. "मी आपली काळजीपोटी विचारते गं. पण दुसरंही असंच झालं तर?"

असंच म्हणजे कसं? पोर तिथेच जमिनीवर बसली होती. ती कमी बोलते म्हणजे कमी ऐकते, असं या घरात सगळ्यांनी धरून चाललंय.


९ मार्च, रविवार

सबंध दिवस मास्तरांची आठवण. चौथीचा वर्ग. ओल्या पाटीचा वास, खिडकीच्या गजावर वाळत घातलेली कुणाची तरी टोपी. मास्तर कविता म्हणायचे ती डोळे मिटून, टेबलावर पट्टीने ताल धरून. आणि मधेच, सांगून न सवरून, एक शब्द गाळायचे! गाळला की सबंध वर्गाने बाकावर थाप मारायची आणि ओरडायचं — "चुकलं!" जो पेंगत असेल तो मागे पडायचा, आणि मास्तर डोळे न उघडता त्याचं नाव घ्यायचे. तास संपेपर्यंत तळहात लाल. गणितात मी शेवटून पहिला, पण या खेळात माझ्या आधी कुणाची थाप पडली नाही.

मास्तरांची स्वतःची एक कविता होती. कुठल्या पुस्तकात नव्हती, आमच्यापुरतीच.

डोंगरमाथी ढग हा बसला,
पाय सोडुनी खाली हसला;
वाऱ्याने मग ढकलुन दिधला,
ओढ्यामध्ये घसरुन पडला!

नोकरीत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळजोडण्यांच्या फायली हाताळल्या. त्यातली एक आठवत नाही. हा ढग मात्र अजून पडतोच आहे.

गेले काही महिने चिमटीबरोबर हाच खेळ चालतो. मी जेवणाच्या टेबलाशी, ती टेबलाखाली. वरून मी म्हणतो, खालून ती फळीवर थाप मारते. आज मी "पाय सोडुनी हसला" म्हटलं. धाडकन थाप! "तुकलं! खाली!"

च आणि त चा घोळ अजून आहे. असू दे. मी एकदा अर्धीच मात्रा खाल्ली, मुद्दाम. तेही पकडलं कार्टीने. डोळे मिटून ऐकते, मास्तरांसारखी. मी तिला हे शिकवलेलं नाही.


१३ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे. बाळाचे ठोके छान. पण पुढचे दोन-अडीच महिने डोळ्यांत तेल घालून बसायचं. दर आठवड्याला तपासणी, शिवाय घरी सकाळ-संध्याकाळ ऐकायला एक छोटं यंत्र देणार आहेत.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मला तेव्हाच कळलं, आता काहीतरी नको ते येणार.

"ठोके चुकायला लागले तर हाताशी थोडेच तास असतात. वाट पूर्ण बंद पडण्याआधी गोळ्या सुरू केल्या तर कधीकधी ती सावरते. कधीकधीच, खात्री नाही. पण त्या दिवशी विचार करत बसायला वेळ नसेल. घ्यायच्या की नाही, आत्ताच घरी बोलून ठरवा."

लेक म्हणाली, "आधी मला सांगा, चिमटीचं जे काही आहे ते त्या गोळ्यांनी झालं का?"

"अशा मुलांचे अभ्यास झालेत. बरीचशी चारचौघांसारखी वाढली. काहींना बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसल्या. पण त्यांच्याही आयांना प्रतिपिंडं होती, त्यातली कितीतरी लवकर जन्मली होती. कशाचा वाटा किती, ते वेगळं काढणं कठीण आहे."

मी मनात म्हटलं, आता म्हणा. म्हणाल्याच!

बाहेर आल्यावर लेक जिन्यातच थांबली. "चिमटीची नीट तपासणी करून घेऊ. बोलणं, समज, हात, सगळं. मग मी ठरवते."


१४ मार्च, शुक्रवार

चहा उतू गेला. एक जुनं कडवं आठवत उभा होतो. विहीणबाई काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं.


१८ मार्च, मंगळवार

मुलांच्या वाढीची तपासणी करणाऱ्या बाईंकडे. मी त्यांना ठोकळेवाली बाई म्हणतो. टेबलावर ठोकळे, कपाटात ठोकळे, पर्समध्येही असतील. आवाज मात्र मऊ. चिमटी माझ्याशिवाय आत बसेना, म्हणून मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. अट एकच — बोलायचं नाही. आजोबा मंडळींना ही अट घालणं म्हणजे कमालच.

बघवत नव्हतं! पूल करायचा तर पोरीने ठोकळे कानाशी नेऊन एकमेकांवर वाजवले. चित्रातलं काय चुकलंय विचारलं, तर खिडकीकडे बघत बसली. बाईंनी पाच शब्द म्हटले — दार, बोट, लिंबू, शिडी, कान — आणि म्हणाल्या, "आता तू म्हण." चिमटी म्हणाली, "कान." बस्स. पुन्हा विचारलं. "कान."

मी कोपऱ्यात जीभ चावून बसलो होतो. हिला ढगाची सबंध कविता येते हो! मात्रा खाल्ली तर पकडते! पण अट होती.

बाई म्हणाल्या, "दमली आज. उरलेलं पुढच्या मंगळवारी करू, यातलंही थोडं पुन्हा बघू."

घरी आलो. जावईबापूंनी विचारलं, "किती आले?" त्यांचं काम वजनकाटे तपासून शिक्का मारण्याचं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला काटा असतो आणि काटा खोटं बोलत नाही, अशी त्यांची श्रद्धा.

"अजून पूर्ण नाही झालं," लेक म्हणाली आणि डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला आत गेली. बाहेर आली तेव्हा गालांवर ओघळ होते. थेंबांचे.


२० मार्च, गुरुवार

यंत्र आलं. मुठीएवढं. पोटाला जेल लावायचं, वर टेकवायचं, छोट्या पडद्यावर आकडा दिसतो आणि आवाज येतो. सगळे म्हणतात घोडा धावल्यासारखा आवाज. मला तर लांबच्या वर्गात पोरं पाढे म्हणताहेत असं वाटलं.

परिचारिका शिकवायला आली होती. चुणचुणीत. दोनदा बजावून गेली, "नुसता आकडा बघू नका हं. आकडा सरासरीचा असतो. ताल ऐका. मधेच दांडी मारतोय का ते ऐका."

ती जिना उतरली नसेल तोवर जावईबापूंनी कागदावर रकाने आखले — सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा.


२१ मार्च, शुक्रवार

कविता केली! कित्येक वर्षांनी!

दार उघडता शिडी दिसे,
शिडीवरी ते लिंबु बसे;
बोट लावता धप्प पडे,
कान म्हणे, हे काय घडे?

पाचही शब्द बसले. चिमटीला दुपारपर्यंत तोंडपाठ! चित्रांचंही करून टाकलं. मला जेवढी आठवली तेवढी कागदावर काढली — तीन पायांची खुर्ची, छत्री धरलेला मासा — आणि काय चुकलंय ते तिला सांगून ठेवलं. माझा मासा बटाट्यासारखा झाला, पण तिला कळला.

तिला येतं सगळं, फक्त तालात सांगावं लागतं. आता बघू ठोकळेवाली काय म्हणते! लेकीला आत्ता सांगत नाही. मंगळवारी तिचा चेहरा बघायचाय.


२५ मार्च, मंगळवार

नको ते झालं.

बाई म्हणाल्या, "मी शब्द म्हणते, तू माझ्या मागून म्हण हं. दार—"

चिमटीने डोळे मिटले आणि दारापासून कानापर्यंत अख्खी कविता म्हणून टाकली. बाई क्षणभर बघतच राहिल्या. मग शांतपणे आपल्या यादीतून पुन्हा म्हणाल्या, "दार, बोट, लिंबू—"

धाडकन टेबलावर थाप! "तुकलं! उघडता!"

माशाचं चित्र बाहेर यायच्या आधीच, "माशाला तत्री नसते." खुर्चीचं तर बाईंनी काढलंच नाही, तरी उत्तर आलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळल्या. "आजोबा."

एवढंच. पण त्या एका शब्दाने मी चौथीत जाऊन उभा राहिलो, अंगठे धरून.

"ही पास व्हायची परीक्षा नसते हो. तिचं तिला काय जमतं, कुठे अडतं, ते बघायचं असतं. आता यातलं तिचं किती आणि तुमचं किती, मी कसं सांगू?"

"मग पुन्हा घ्या."

"तीच तपासणी लगेच घेता येत नाही. वर्षभर तरी नाही. दुसऱ्या काही आहेत, पण त्या एवढ्या खोलात जात नाहीत, आणि तिथेही आता ती तुमच्याच कविता शोधणार." मग चिमटीकडे बघून म्हणाल्या, "ऐकू मात्र झकास येतं हिला."

बाहेर लेक बाकावर बसली होती. बाईंनी तिला आत बोलावलं, मला नाही.


२६ मार्च, बुधवार

लेक बोलत नाही.


२७ मार्च, गुरुवार

बोलली. न बोलती तर बरं झालं असतं.

"बाबा, मला तिचे मार्क नको होते. मला खरं हवं होतं."

मी म्हटलं, "अगं, मी तिच्या भल्यासाठी—"

"तिच्या भल्यासाठी नाही. ती मागे आहे हे तुम्हाला बघवलं नाही, म्हणून." मग म्हणाली, "मलाही बघवत नाही. पण मला बघायलाच हवं होतं. मी ठरवायचं कशावरून आता?"

जावईबापू म्हणाले, "काट्याखाली कुणी हात लावला की तो काटा बादच." त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. ते असंच बोलतात. तरी तोंडावर दार आपटल्यासारखं झालं.

विहीणबाईंना मात्र जोर आला. "व्याही, तुम्ही मोठे म्हणून बोलत नाही, पण—" आणि पुढे पुष्कळ बोलल्या. शेवटी हुकूम सुटला, कविता बंद, टेबल वाजवणं बंद, पोरीला शहाण्यासारखं बसायला शिकवा.

चिडचिड होते नुसती. त्यांची होते, डॉक्टरांची होते, त्या लिंबाच्या कवितेची तर सर्वांत जास्त. शेवटची ओळ अजून डोक्यातून जात नाही. कान म्हणे, हे काय घडे!


२ एप्रिल, बुधवार

चिमटी टेबलाखाली जाऊन बसते. वाट बघते. मी वर्तमानपत्र चाळतो. वाचत नाही.

आज खालून हळूच आवाज आला, "आबा. ढग?"

"ढग झोपलाय."

"का?"

साडेचार वर्षांच्या पोरीला काय सांगू? आजोबा नापास झालाय?


५ एप्रिल, शनिवार

सकाळ-संध्याकाळ तोच कार्यक्रम. लेक पलंगावर, जावईबापू यंत्राच्या पडद्याला नाक लावून. "एकशे बेचाळीस. ठीक." रकाना भरला. विहीणबाई हात जोडून बसलेल्या. मी दारात. चिमटी कुठेतरी पलंगाखाली. मला वाटतं, तिला टेबलाची सवय, काहीतरी डोक्यावर लागतं.

जेमतेम मिनिटभर ऐकतात. आकडा आला की बंद. "परिचारिका ताल ऐका म्हणाली होती," मी एकदा म्हणून बघितलं. विहीणबाई म्हणाल्या, "आता बाळालाही कविता शिकवणार वाटतं!" सगळे हसले. लेकसुद्धा. ती हसली म्हणून मीही सोडून दिलं.


९ एप्रिल, बुधवार

तपासणी. ठोके ठीक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ठरलं?"

"नाही," लेक म्हणाली.

"चिमटीच्या तपासणीचा निकाल लागला असता तरी तुम्हाला उत्तर मिळालं नसतं. एका मुलीच्या तपासणीवरून औषधाचा दोष ठरत नाही. तो शेकडो मुलांवरून ठरवावा लागतो, आणि तिथेही अजून ठामपणे—"

"शेकडो मुलांचं काय करू मी? मला माझ्या एका मुलीचं सांगा ना!" लेकीचा आवाज चढला. पहिल्यांदाच डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य पुरं केलं नाही. मला उगीच त्यांची दया आली. दररोज हेच सांगत बसायचं, तेही असल्या डोळ्यांसमोर.

परतताना बागेच्या कठड्यावर बसलो दोघं. लेक म्हणाली, "घेतल्या नाहीत आणि बाळ गेलं तर? किंवा आयुष्यभर छातीत ठोके देणारं यंत्र घालून फिरावं लागलं तर? आणि घेतल्या, आणि हे बाळही बटणं लावत असं बसून राहिलं, तर ते मी केलेलं असेल, बाबा. या वेळी मला माहीत असताना केलेलं."

उभ्या आयुष्यात मला एवढीच अक्कल मिळाली की ओळ जमत नसेल तर घाईने शब्द कोंबू नये. मी तिला पाण्याची बाटली उघडून दिली. तिने घोट घेतला, मग बिस्किट, मग पुन्हा घोट.

घरी चिमटी दारातच उभी होती. अंगात झबल्यासारखा सदरा, बटणं वरची खाली, खालची वर. स्वतः लावलेली! विहीणबाई मागून म्हणाल्या, "सकाळपासून बसली होती लावत. मला हात लावू देईना." आणि, खरं लिहायचं तर, त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं. लगेच लपवलं त्यांनी.

लेकीने एकही बटण बदललं नाही. सदरा तसाच राहिला रात्री निजेपर्यंत.


१३ एप्रिल, रविवार — दवाखान्याच्या बाकावर

अक्षर बघायला नको. पण लिहितो, नाहीतर नुसता फेऱ्या घालीन.

सकाळी नेहमीसारखं यंत्र लावलं. रविवार म्हणून जरा निवांत. जावईबापू म्हणाले, "एकशे अडतीस. ठीक." रकाना भरायला पेन काढलं.

पलंगाखालून थाप पडली. "तुकलं!"

विहीणबाई कडाडल्या, "बघा! हेच ते! व्याही, लावून ठेवलात ना नाद?"

आणि मीसुद्धा — मीसुद्धा म्हटलं, "चिमटे, आत्ता नाही. ढग झोपलाय ना?"

पुन्हा थाप. "तुकलं!"

लेक म्हणाली, "थांबा." जावईबापू यंत्र उचलत होते, तिने त्यांचा हात धरून ते तसंच दाबून ठेवलं.

मी डोळे मिटले. पाढे चालले होते. सरळ, भराभर, लांबच्या वर्गात. आकडा बरोबरच होता, काही वेगळं वाटत नव्हतं. मला वाटलं, पोरगी खेळतेय. आणि मग — दांडी! एक ठोका आलाच नाही! जिथे तो हवा होता तिथे रिकामी जागा, मग पुन्हा भराभर. इतकी बारीक की आकड्याच्या मागे लागलेल्या माणसाला कळूच नये. माझा हात आपोआप उचलला गेला, पण माझ्या आधी खालून थाप पडली. बरोबर त्याच जागी. तिचं एकदाही चुकलं नाही. दोनदा, तीनदा. जिथे ठोका गळाला, तिथे तिची थाप!

जावईबापूंच्या हातातलं पेन खाली पडलं. वजनकाटेवाला माणूस, चेहरा पांढराफटक. "मला तर आकडा—" एवढंच म्हणत राहिले.

विहीणबाईंनी काही न विचारता लेकीच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. चिमटीला पलंगाखालून ओढून कडेवर घेतलं, तिच्या केसांत धूळ होती, ती पदराने पुसली. सगळे रिक्षात कोंबून बसलो. चिमटीच तेवढी मधेमधे विचारत होती, "बाळ तुकलं. पुन्ना म्हणेल?"

डॉक्टरीणबाई सुट्टी असून आल्या. पडद्यावर किती तरी वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "वाट पूर्ण तुटलेली नाही. मधूनच एखादा ठोका खाली पोचत नाहीये. हे कुणी पकडलं?"

चिमटी विहीणबाईंच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती.


त्याच दिवशी, दुपारी

गोळी हातात दिली तेव्हा लेकीने विचारलं, "हे बाळही उशिरा बोलेल?" बाई म्हणाल्या, "होऊ शकतं. ठामपणे—" "राहू दे," लेक म्हणाली. तिच्या कोरड्या घशाखाली गोळी उतरायची नाही म्हणून मी पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा दारातून विहीणबाईंचा आवाज, अगदी बारीक, रडवेला, "अगं, पण दुसरंही असंच झालं तर?"

लेक त्यांच्या खांद्यावरच्या चिमटीकडे बघत होती.

"असंच होऊ दे," ती म्हणाली, आणि गोळी तशीच गिळली. मी ग्लास घेऊन दारात उभा.